पगार दीडपट झाला तर बरं वाटेल का?

प्रश्न : मी ३८ वर्षांची, अकाउंट्समध्ये नोकरी करते. दुसऱ्या कंपनीची दीडपट पगाराची ऑफर आहे, पण घरी यायला रोज दोन तास उशीर होईल. तसं घर नीट भागतं, हप्ते थकत नाहीत. ठरावीक आकड्यापुढे पैशाने सुख वाढत नाही, असं वाचलं होतं. खरं आहे का? वर्षापूर्वी आई गेली, तेव्हापासून कशातच मन लागत नाही. नवी नोकरी घेतली तर बरं वाटेल, असं यांचं म्हणणं.

उत्तर : तुम्ही वाचलेला आकडा बहुधा वर्षाला ७५ हजार डॉलरचा असावा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांवरून तो मांडला : त्यापुढे रोजच्या आनंदात भर पडत नाही. आयुष्याबद्दलचं समाधान मात्र वाढत राहतं, असंही त्यांनी लिहिलं होतं. हा अर्धा भाग नेहमी गळतो, याचं मला वाईट वाटतं.

२०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ या संशोधकाला आनंदही वाढतच जाताना दिसला. फरक पडला तो विचारण्याच्या पद्धतीमुळे. आधीच्या पाहणीत ‘काल हसलात का?’ अशा प्रश्नांना हो किंवा नाही म्हणायचं होतं. बहुतेक जण हो म्हणतात. मग खूश माणूस आणखी खूश झाला, तरी उत्तर तेच. किलिंग्सवर्थ यांनी लोकांना दिवसात अधूनमधून मोबाइलवर विचारलं, ‘आत्ता कसं वाटतंय?’, आणि ‘खूप वाईट’पासून ‘खूप छान’पर्यंतच्या पट्टीवर खूण करायला लावली. पुढे हा मतभेद सोडवायला कानेमन आणि किलिंग्सवर्थ एकत्र बसले, मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलर्स मध्यस्थ होत्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आला : बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतो. सर्वांत दुःखी अशा साधारण पाचांतल्या एकाचा मात्र लाखभर डॉलरपाशी थांबतो. जवळचं माणूस जाणं, नैराश्य, अशी दुःखं त्यापुढे पैशाला दाद देत नसावीत, असा त्यांचा कयास आहे.

म्हणून तुमचं पत्र वाचताना मी ऑफरपेक्षा आईपाशी जास्त थांबले. पैशाला कमी लेखू नका. हप्ते थकत असते, तर ‘घ्या नोकरी’ असंच मी म्हटलं असतं. हात तंग असला की आजारपण, एकटेपण जास्त बोचतं, हेही २०१० च्या त्याच अभ्यासात दिसलं होतं. पण तुमचं भागतंय. शिवाय हा परिणाम पटीत चालतो : दुप्पट पगाराने जेवढा फरक पडतो, त्याहून दीडपटीचा कमी, आणि तोही सरासरीने लहानच. त्यासाठी रोजचे दोन तास द्यायचे का, ते तुम्ही दोघांनी ठरवा.

वर्ष उलटूनही कशातच मन लागत नाही, हे आधी समुपदेशकांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना सांगा, याच महिन्यात. झोप आणि भूक कशी आहे, तेही सांगा. ऑफरला उत्तर द्यायला मुदत मागून घ्या, आणि पगाराबरोबर निघायची वेळही बोलून घ्या.