एक गुणक पुरत नाही

प्रश्न : मानवी हृदयाच्या निलयातल्या (खालच्या कप्प्यातल्या) पेशीचं ओ'हारा-रूडी मॉडेल (२०११) पायथॉनमध्ये बसवलं. सिम्पथेटिक (व्यायामात, ताणात हृदयाला वेग देणाऱ्या) नसांचा परिणाम म्हणून एल-टाइप कॅल्शियम प्रवाह दुप्पट केला, तर अ‍ॅक्शन पोटेन्शियल (प्रत्येक ठोक्याला पेशीच्या व्होल्टेजची चढ-उतार) लांबलं. व्यायामात ते आखूड होतं ना? चुकलं कुठे? — एम.टेक. विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : कोड बरोबर असेल, पण मॉडेलमध्ये निम्मीच साखळी गेली आहे. या नसांनी सोडलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन बीटा रिसेप्टरला लागलं की सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम जागं होतं. ते कॅल्शियम चॅनेलपाशी थांबत नाही. मंद पोटॅशियम प्रवाह, म्हणजे आय-के-एस, तेच वाढवतं आणि अ‍ॅक्शन पोटेन्शियल आवरतं घेतं ते यामुळे. फॉस्फोलॅम्बन या प्रथिनाचा लगाम सुटल्यामुळे सर्का पंपही कॅल्शियम भराभर पेशीतल्या साठ्यात ओढतो.

आधी १००० मिलिसेकंदांच्या पेसिंगवर (दोन ठोक्यांमधलं अंतर) १००० ठोके चालवा. एपीडी-९० (अ‍ॅक्शन पोटेन्शियल ९० टक्के ओसरेपर्यंतचा वेळ) आणि साठ्यातलं कॅल्शियम ठोक्यागणिक सारखं येऊ लागलं की मगच पुढे जा. नंतर कॅल्शियम प्रवाह २ पट, आय-के-एस ३ पट, सर्काचा अर्धसंपृक्तता स्थिरांक (पंप अर्ध्या वेगाने चालायला लागणारं कॅल्शियम) निम्मा, पेसिंग ५०० मिलिसेकंद, असे आकडे सुरुवातीला धरा.

पण हे सगळं एका क्षणात लावू नका. प्रत्येक गुणकाला स्वतंत्र समीकरण द्या : बदलाचा वेग म्हणजे (अंतिम उणे सध्याचा) भागिले टाउ (बदल किती सावकाश होतो ते ठरवणारा काळ). कॅल्शियमसाठी टाउ १० सेकंद, आय-के-एससाठी ६० सेकंद घेऊन पाहा. कॅल्शियम पुढे धावतं, पोटॅशियम मागून येतं. मधल्या काही ठोक्यांत अ‍ॅक्शन पोटेन्शियल लांबतं, उतारावर कॅल्शियम चॅनेल पुन्हा उघडतात आणि व्होल्टेज वर उसळतं. हीच ईएडी (ठोका पुरता ओसरण्याआधीच आलेली उसळी), अनियमित ठोक्याची ठिणगी. फक्त स्थिरावलेली अवस्था पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. एलक्यूटी-१ या हृदयाच्या आनुवंशिक आजारात आय-के-एसच लुळा असतो, मागून येऊन सावरणारं कोणी नसतं. म्हणून त्या रुग्णांना पोहताना, धावताना धोका.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. या मॉडेलमध्ये साठ्यातून कॅल्शियम सुटणं थेट एल-टाइप प्रवाहावर बेतलेलं आहे. दोन ठोक्यांच्या मध्ये ते आपसूक सुटत नाही, म्हणून डीएडी (ठोका ओसरल्यावर येणाऱ्या उसळ्या) मिळणार नाहीत. सीपीव्हीटीचा (व्यायामात, ताणात ठोके बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) अभ्यास करायचा तर रायनोडिन रिसेप्टरचं (साठ्यातून कॅल्शियम सोडणाऱ्या दाराचं) समीकरण बदलावंच लागेल. शिवाय एकट्या पेशीत आलेली ईएडी शेजारच्या पेशी ओढून विझवतात. तेव्हा निष्कर्ष काढण्याआधी निदान पेशींच्या साखळीवर तपासा.

प्रश्न : हृदय मंदावणाऱ्या व्हेगस नसेसाठी हीच पद्धत चालेल का?

उत्तर : नाही. अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) व्हेगसने सोडलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनमुळे पोटॅशियम चॅनेल जी-प्रोटीनच्या बीटा-गॅमा भागाने थेट उघडतात, मध्ये एन्झाइमची साखळी नाही. परिणाम ठोक्या-दोन ठोक्यांत दिसतो, म्हणून टाउ सेकंदाच्या आत ठेवा. अ‍ॅसिटिलकोलीन सगळीकडे सारखं पसरू नका. व्हेगसची टोकं अलिंदात विरळ-दाट असतात. एका जागी अ‍ॅक्शन पोटेन्शियल आखूड, शेजारी लांब, आणि त्या फरकातूनच लहर परत फिरून फिब्रिलेशन (अलिंदाची विस्कळीत थरथर) टिकतं.