वाडीचे पाणी आणि तुझा आराखडा

कोल्हापूर

अनेक आशीर्वाद.

मठाच्या संवर्धनाचा तुझा आराखडा दोनदा वाचला. मोजमापे चोख आहेत. मात्र तेथे पहाटे कोण उठते, सोवळ्याची सीमा कोणत्या उंबऱ्यापाशी पडते, याचा उल्लेख कोठेही नाही.

पुढचे पान लिहिण्यापूर्वी पावसाळ्यात नृसिंहवाडीला जाऊन ये. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील त्या दत्तमंदिरात नदीचे पाणी चढत जाऊन पादुकांना स्पर्श करते आणि दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नान करण्यासाठी गावोगावचे भाविक धावत येतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. तुझ्या कोष्टकात याची नोंद ‘पुराचा धोका’ एवढीच झाली असती आणि उपाय म्हणून एखादी भिंत सुचवली गेली असती. देऊळ कोरडे राहिले असते. सोहळा मात्र संपला असता.

मीही असे केले आहे. तरुणपणी एका देवळातील दिवळीची काजळी मी हौसेने साफ करवून घेतली. त्याच काजळीचे बोट आया लेकरांच्या कपाळी लावत, हे मला झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या बाईने सांगितले, तेही काम उरकल्यावर.

याचा अर्थ जे चालते ते सारे चालू द्यावे, असा मुळीच नाही. काळ्या पाषाणावर फासलेला तैलरंग आणि चुन्याच्या जागी भरलेले सिमेंट यांमुळे ओल आत कोंडते व दगडाचे पापुद्रे सुटतात. तेथे ठामपणे नकार द्यावा, पण कारण समजावून, कारण रंग लावणाऱ्याचीही भावना सेवेचीच असते.

आराखड्याची हद्द मठाच्या कुंपणापाशी संपवू नकोस. अंबाबाईच्या किरणोत्सवात, म्हणजे साधारण 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत, मावळतीची किरणे महाद्वाराकडून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. त्या वाटेवर इमारतींचे मजले चढले, तर मंदिराचा एक चिराही न हलता हा वारसा उणावतो.

स्वामीजींची संमती घेतलीस, ते योग्यच केले. तरी स्वयंपाकघरातील मंडळी, पाठशाळेतील मुले आणि वार्षिक उत्सवाचे मानकरी यांच्याशी अजून कोणी बोललेले दिसत नाही. आठ दिवस मठातच मुक्काम कर. पहिले तीन दिवस मोजमापाची फीत बाहेर काढू नकोस. आराखडा पेन्सिलीच्या खुणांसह परत पाठवत आहे.