पहिल्या भेटीला जाण्यापूर्वी

लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया आणि मुलींना आधार देण्याच्या या कामात तुम्ही येत आहात याचा मनापासून आनंद आहे. मात्र पहिल्या भेटीत आपण बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त, हे आधी मनाशी पक्के करा. "तू तिथे एकटी का गेलीस?" हा प्रश्न काळजीपोटी विचारला तरी पीडितेला तो आरोपच वाटतो. धुळ्याजवळच्या गावातली एक मुलगी तासभर ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत माझ्यासमोर गप्प बसली होती. मी फक्त पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, आणि ती बोलू लागली ती अहिराणीतच. तिचे शब्द प्रमाण मराठीत वळवण्याची घाई करू नका, आणि नंदुरबारकडे भिली किंवा पावरी बोलणारी कुणी भेटली, तर नातेवाइकालाच दुभाषी म्हणून बसवू नका.

उपचार मात्र लांबवू नयेत, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधे अत्याचारानंतर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि रुग्णालय सरकारी असो वा खासगी, पीडितेवर मोफत उपचार करणे त्याला बंधनकारक आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तो निर्णय तिचाच असू द्या. मुलगी 18 वर्षांखालील असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते, म्हणून "कुणालाही सांगणार नाही" असे वचन तिला कधीही देऊ नका. तिचे नाव घरीसुद्धा उच्चारू नका. लहान गावात नुसत्या गल्लीच्या उल्लेखानेही ओळख पटते.