वॅक्स वाळून गोटा झालं, आता काढू कसं?

प्रश्न : भाऊ, दर्यापूर तालुक्यात राहतो, चॉकलेटी रंगाची बोलेरो आहे. पोरानं अमरावतीहून वॅक्सचा डब्बा आणला, रविवारी दुपारी आंगणात गाडी धुतली अन् आम्ही बापलेकानं पूर्ण गाडीले एकदमच चोपडून टाकलं. मंग जेवाले बसलो. येऊन पाहतो तं गाडी पांढरीफटक, घासून घासून हात दुखले पण निघत नाही, अन् काळ्या प्लास्टिकवर तं चुना लावल्यावानी डाग. भाचा म्हणतो वेल्डिंगच्या दुकानातला ग्रायंडर आणतो, त्याले पॅड लावून पाच मिनिटात काढू. आणू देऊ का? पुढच्या वेळी हातानं लावावं का मशीननं? अन् पांदणीतले बाभळीचे ओरखडे वॅक्सनं जातात का?

उत्तर : पहिले भाच्याला फोन लावा अन् ग्रायंडर दुकानातच ठेवायला सांगा. तो मिनिटाला १०-११ हजार चकरा मारते भाऊ, गाडीचं गोल फिरणारं पॉलिशर साधारण ६०० ते ३००० मध्येच चालतं. तुमच्या रंगावरचा चकाकीचा क्लिअर कोट डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो, बॉनेटच्या कडेला ग्रायंडर टेकला की वॅक्स निघेल पण सोबत रंगही निघेल, मग तो वॅक्सनं परत येत नाही.

चूक दोनच झाल्या, एक दुपार अन् दुसरी पूर्ण गाडी एकदम. डब्यातलं वॅक्स, कारनौबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण असो की दुसरं काही, मुळात कडकच असतं. त्याला मऊ ठेवायला त्यात उडून जाणारं सॉल्व्हंट, म्हणजे मेण विरघळवणारं द्रव, टाकलेलं असतं. सावलीत ते हळू उडते अन् मेणाची धुकट साय उरते, ती फडक्यानं सहज निघते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्यावर हात ठेववत नाही, तिथं सॉल्व्हंट भुर्रकन उडालं अन् मागं राहिला गोटा. त्यात जाड लावलं असेल तर विचारूच नका, मी पण पहिल्यांदा डबा अर्धा संपवला होता, जास्त लावलं की जास्त चमकते असंच वाटायचं.

आता उपाय ऐका, उलटा वाटेल. त्याच डब्यातलं थोडं वॅक्स पुन्हा लावा. गाडी निंबाखाली घ्या, पत्रा थंड होऊ द्या, जेवणाच्या ताटाएवढीच जागा घ्या, पातळ हात फिरवा. नव्या वॅक्समधलं सॉल्व्हंट जुन्याला मऊ करते, दहा-वीस मोजा अन् लगेच स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. फडक्याची बाजू बदलत राहा, दुपट्टा किंवा जुनी बनियान नको. मग पुढचं ताट. अर्धा दिवस जाईल, पण निघते. रॉकेल किंवा पेट्रोलनं पुसायच्या भानगडीत पडू नका, रबराची वाट लागते अन् आगीची भीती वेगळीच. प्लास्टिकवरचे डाग जुन्या मऊ टूथब्रशनं, कार शाम्पूच्या कोमट पाण्यात, दोन-तीन वेळा घासावे लागतील, तिथं घाई चालत नाही. पुढच्या वेळी लावायच्या आधी प्लास्टिकवर मास्किंग टेप चिटकवा, रंगाच्या दुकानात भेटते.

हातानं की मशीननं? एका गाडीसाठी हातानंच, मला तरी असंच वाटते. मशीनचा फायदा एवढाच की थर पातळ अन् सारखा बसतो अन् खांदा दुखत नाही. घ्यायचीच असेल तर डीए पॉलिशर, म्हणजे डोलत फिरणारी, तिला मऊ फोमचा पॅड, स्पीड सगळ्यात खालचा, दाब फक्त मशीनच्या वजनाचा. पण काढायला हातच बरा, सांदीकोपऱ्यात मशीन जातच नाही. वाळलं का हे पाहायला बोट फिरवा, बोटाखाली चकाकी स्वच्छ दिसली, मेण फासटलं नाही, तर पुसा. काही वॅक्स लावल्याबरोबर पुसायचं असतं, म्हणून डब्यावरचं वाचा.

अन् एक, तुम्ही खारपाणपट्ट्यातले. बोअरचं पाणी गाडीवर वाळलं की क्षाराचे गोल डाग पडतात, त्यांच्यावर वॅक्स लावलं तर डाग खाली दबून राहतात. म्हणून सकाळी धुवा, लगेच कोरडं करा, काळ्या मातीचा फुफाटा पूर्ण निघाल्याशिवाय फडकं घासू नका, नाहीतर तोच खर पेपरचं काम करते.

ओरखड्यांचं म्हणाल तर वॅक्स बुजवल्यासारखं दाखवते, काढत नाही. नख फिरवा. अडकत नसेल तर पॉलिशनं, म्हणजे वॅक्स नाही तर वरचा थर किंचित घासणाऱ्या मलमानं, कमी होईल, अडकत असेल तर पेंटरकडंच जावं लागेल. पण रोज त्याच पांदणीतून जाणं असेल तर पेंटरच्या आधी कुऱ्हाडवाल्याला सांगा, रस्त्यावर आलेल्या फांद्या छाटून घ्या.