गुलाबाची जेली का धरत नाही?

प्रश्न : गच्चीवरच्या गावठी गुलाबाची जेली केली. पाकळ्या, साखर, पाणी, शेवटी लिंबू. अर्धा तास उकळूनही ती पाकासारखी पातळ राहिली आणि रंगही तपकिरी झाला. काय चुकलं?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पाकळ्यांच्या अर्कात जेली धरण्याइतकं पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळांतला घटक) नसतं, मग कितीही आटवा. ते अर्धकच्च्या पेरूतून घ्या. अर्धा किलो पेरूच्या फोडी बुडतील इतक्या पाण्यात मऊ शिजवा आणि मलमलच्या कपड्यात रात्रभर टांगून खाली गळणारं पाणी जमवा. पिळू नका, जेली गढूळ होते.

पाकळ्यांची बुडाची पांढरी टोकं कापा, ती कडवट लागतात. 2 वाट्या पाकळ्यांवर सव्वा वाटी उकळतं पाणी ओतून अर्धा तास झाका. पाकळ्या उकळल्यानेच तुमचा रंग आणि वास गेला. गाळून लगेच 2 चमचे लिंबूरस घाला, फिका अर्क क्षणात गुलाबी होतो. फार सुंदर दिसतं ते!

1 वाटी अर्क, 2 वाट्या पेरूचं पाणी, अडीच वाट्या साखर मोठ्या आचेवर उकळा. ठाणे समुद्रसपाटीजवळ असल्याने 104–105 अंशांना जेली तयार होते. थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमधल्या बशीवर थेंब टाकून बोटाने ढकला, सुरकुती पडली की गॅस बंद.

बिघडलेली जेली टाकू नका, पेरूचं पाणी आणि लिंबू घालून पुन्हा उकळा. जांभळी नाक्यावरची हाराची फुलं मात्र नकोत, त्यांवर फवारणी झालेली असू शकते.