हंगाम संपला, आता वही काढ

अनेक उत्तम आशीर्वाद.

‘माझी नेतृत्वशैली कोणती’ असं तू विचारलंस. देवगडच्या कातळावरची वडिलोपार्जित आंब्याची बाग हातात घेऊन पहिला हंगाम काढल्यावर हा प्रश्न पडणं रास्तच आहे. मोबाइलवर वीस प्रश्नांच्या चाचण्या मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. आपण कसे वागतो ते त्या विचारत नाहीत, आपल्याला कसं वागायला आवडेल एवढंच विचारतात. पाऊस लागलाय आणि गडी गावी गेलेत, तेव्हा पुरावे गोळा करायला हीच वेळ बरी.

पहिला पुरावा फोनमध्येच आहे. एप्रिल-मे महिन्यांत गड्यांना आणि पॅकिंगच्या बायकांना पाठवलेले तीस व्हॉइस मेसेज सलग ऐक. चांगलेच तेवढे वेचू नकोस, तारखेने ओळीने घे. प्रत्येकासमोर एक खूण कर: हुकूम दिला, विचारलं, काम सोपवलं, की नुसतं समजावलं. शेजारी वेळ लिही. सकाळी सातला ‘वरच्या कलमांचं काय करूया?’ असं विचारणारा आवाज अकराला, वाशीच्या बाजाराला जाणारी गाडी दारात उभी असताना, कसा होतो ते कानाला कळेल. त्यात दुटप्पीपणा काही नाही. घाईत आपोआप जे तोंडून निघतं ती तुझी मूळची सवय, आणि निवांत वेळी जे करतेस ते शिकलेलं. शोध घ्यायचाय तो या दोहोंमधल्या अंतराचा.

या मेसेजमध्ये एक गोष्ट सापडणार नाही, ती म्हणजे टाळाटाळ. दोन बायकांचं प्रतवारीवरून वाजलं आणि तू एकीला गुपचूप दुसऱ्या कामाला लावलंस, किंवा एक गडी देठ न ठेवता आंबा काढतोय हे दिसूनही ‘संध्याकाळी बोलू’ म्हटलंस आणि ती संध्याकाळ आलीच नाही. असे प्रसंग आठवून वेगळ्या पानावर लिही. मऊ स्वभावाच्या माणसांचं हे पान सगळ्यात लांब होतं. त्याला ते ‘स्वातंत्र्य देणं’ म्हणतात, पण काम सोपवताना काय हवं, कधी हवं आणि अडलं तर कुणाला विचारायचं हे आधी सांगावं लागतं. हे सांगितलं नसेल तर ते सोपवणं नव्हे, अंग काढून घेणं.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1939 साली दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की त्या गटाचं काम ढेपाळायचं; मुलांना विचारून चालणारा बाहेर गेला तरी काम बरंचसं चालू राहायचं. ती हस्तकला करणारी मुलं होती, दारात गाडी नव्हती, म्हणून त्यातून सरसकट नियम काढू नकोस. प्रश्न मात्र उचल: तू बँकेत दोन तास गेलीस तेव्हा बागेत काय झालं? भरलेले क्रेट सावलीत होते की उन्हात? उन्हात राहिलेल्या हापूसमध्ये साका, म्हणजे आतल्या गराचा खराब भाग, वाढतो, तेव्हा तुझ्या गैरहजेरीची परीक्षा आंबा कापल्यावर होते.

मग माणसांकडे जा. तिघं पुरे: एक जुना, एक याच वर्षी आलेला, आणि एक जो पुढच्या वर्षी येणार नाही. हिशोब चुकता केल्याशिवाय विचारू नकोस, पैसे अडकलेला माणूस खरं बोलत नाही. ‘मी कशी वाटले?’ असं तर मुळीच नको. ‘सगळा बरा आसा’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘पुढच्या हंगामात मी कोणती एक गोष्ट बंद करू?’ असं विचार आणि गप्प बस. उत्तर अन्यायाचं वाटलं तरी खुलासा देऊ नकोस. एकदा वाद घातलास की ती बातमी संध्याकाळपर्यंत वाडीभर होते आणि पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. दोघांनी वेगवेगळं येऊन तेच सांगितलं तर ते खरं धर. एकट्याचं असेल तर नोंदवून ठेव.

कार्तिकात फवारणीची कामं सुरू होतील तेव्हा ताजी नोंद कर. रोज एकच निर्णय, जेवणाआधी दहा मिनिटं: काय झालं, मी नेमकं काय बोलले, आणि यातून काय होईल असं वाटतंय. तिसरं वाक्य त्याच दिवशी लिहायचं, कारण आठवड्यानंतर आपला अंदाज बरोबरच होता असं प्रत्येकाला वाटतं. रात्री झोपताना लिहिलेलं बहुधा स्वतःची वकिली होते. वीस नोंदी झाल्या की एका बैठकीत वाच आणि पंधरा दिवसांसाठी फक्त एकच सवय बदलायला घे.

सगळंच विचारून करायचं असंही नाही. आंबा चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार हवा, देठ ठेवूनच काढायचा, चीक सालीवर सांडता कामा नये, इथे थेट हुकूम दे आणि ओशाळू नकोस. कोणतं कलम आधी उतरवायचं, झेला (आंबे काढायची जाळीची काठी) कुणाच्या हातात द्यायचा, हे मात्र झाडावर चढणाऱ्याला विचार. त्याला ते तुझ्यापेक्षा जास्त कळतं. नवख्याला सांगावं लागतं, जुन्याला सांगितलं की तो दुखावतो. सगळ्यांशी एकसारखं वागणं म्हणजे न्याय, हा गैरसमज पहिल्या वर्षी बहुतेकांचा असतो.

या आठवड्यात मेसेजपासून सुरुवात कर. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, नाहीतर जुलैत पानं चिकटतात.

— काका