तोंडावरचा हात

मावशी, मी मूळची वसईची, लग्नानंतर म्हापशाजवळ राहते. लेक 12 वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअरवर असते, बोलता येत नाही. प्रार्थना गटातल्या बायका तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘ऊठ, चाल’ म्हणतात. काही घडलं नाही की माझी श्रद्धा कमी पडते म्हणतात. फादरांनी तिला कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला घेतलं नाही, पहिलं कम्युनियन, पहिला ख्रिस्तप्रसादही राहिला. तिला कळायला हवं, म्हणाले. आम्ही मागच्या दाराशी बसतो. एरवी ती शांत असते, गायन सुरू झालं की मोठ्याने आवाज काढते, मग मी तोंडावर हात ठेवते. चर्चला जाणं सोडून देऊ का?
– एक आई

बायकांचं आधी उरकते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. योहान, अध्याय 9. पुन्हा कुणी तुझी श्रद्धा मोजायला आली तर तेवढं पान उघडून तिच्या हातात दे.

मला तुझं दुसरंच वाक्य सोडवत नाही. ‘तोंडावर हात ठेवते.’ बायकांची तक्रार केलीस, फादरांची केलीस आणि हे जाता जाता लिहून गेलीस.

अख्खी मिस्सा शांत बसणारी मुलगी गायन सुरू झालं की तोंड उघडते. अगं, ती गातेय! म्हापशाला राहतेस म्हणजे मिलाग्रिस सायबिणीचं, मारियामातेचं फेस्त (तिची जत्रा) तू पाहिलं असशील. तेल घेऊन हिंदू आणि ख्रिस्ती बायका एकाच गर्दीत उभ्या असतात. कुणी कोंकणीत मागतं, कुणी मराठीत, कुणी नुसतेच डोळे मिटतं. सायबिणीला तेही पोचतं, असं मानणारी तू लेकीच्या आवाजात मात्र शब्द शोधतेस? दर रविवारी ती देवाला हाक मारते आणि तिचं तोंड दाबणारा हात तिच्या आईचा असतो. कठोर लिहितेय, कळतंय मला. पण मऊ लिहिलं तर तू रडशील आणि येत्या रविवारी हात पुन्हा तिथेच जाईल.

यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय आठव. तो ओरडू लागला तसं लोकांनी दटावलं, गप्प राहा. तो आणखी मोठ्याने ओरडला. येशू थांबला आणि म्हणाला, त्याला बोलवा. तो जवळ आल्यावर येशूने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? समोरचा आंधळा आहे हे दिसत असूनही विचारलं! तुझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी तिला कुणी काही विचारलं? तू तरी?

फादरांना 1983च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे चर्चच्या कायद्यातलं कलम 777 दाखव. अपंगांना त्यांच्या स्थितीला झेपेल तितकं धर्मशिक्षण मिळेल हे पाहणं धर्मग्रामाच्या पाद्र्याचं कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट आहे. जिला वर्गात घेतलंच नाही, तिला कळत नाही हे ठरवलं कुणी?

पण फादरांकडे नंतर जा. आधी येत्या रविवारी लेकीची व्हीलचेअर मागच्या दाराशी नको, पहिल्या बाकाशेजारी लाव. गायन सुरू झालं की पुस्तक दोन्ही हातांनी धर. कुणी वळून बघेल, बघू दे. तू गा. चर्च सोडायचं की नाही, ते मला त्यानंतर लिही.